इंग्रजी कादंबरीतला आपला किनारा

१९०६ साली इंग्लंडमध्ये मुलांसाठी एक जाडजूड साहसकथा प्रसिद्ध झाली, 'इन क्लाइव्ह्ज कमांड'. लेखकाचं नाव हर्बर्ट स्ट्रँग. जॉर्ज हर्बर्ट इली आणि चार्ल्स जेम्स लेस्ट्रेंज या दोघांनी मिळून घेतलेलं हे टोपणनाव. कथेचा नायक डेस्मंड बर्क हा क्लाइव्हच्याच गावचा, मार्केट ड्रेटनचा पोरगा. डिगल नावाच्या एका लबाड इंग्रजाच्या नादी लागून तो हिंदुस्थानात येतो आणि घेरियाच्या किल्ल्यात आंग्र्यांच्या कैदेत पडतो. कैदखान्यात त्याच्यासोबत नाना मुलखांची माणसं असतात, त्यांत पुस्तकी इंग्रजी झाडणारा एक बंगाली बाबूही असतो. पुढे हा पोरगा सोबत्यांसह आंग्र्यांचंच जहाज पळवतो, मुंबई गाठतो, क्लाइव्हला भेटतो आणि घेरिया पाडायला हातभार लावतो.

घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. शेजारच्या गिर्ये गावावरून हे नाव आलं. कुणकेश्वराचं देऊळ आणि विजयदुर्ग एकाच देवगड तालुक्यातले. कुणकेश्वर देवगडच्या दक्षिणेला, विजयदुर्ग उत्तरेला वाघोटन खाडीच्या तोंडाशी. महाशिवरात्रीच्या जत्रेला कुणकेश्वरी येणारा माणूस आंग्र्यांचं नाव अभिमानाने घेतो. ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते, छत्रपतींचे चाकर होते, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. स्ट्रँगचं पुस्तक वाचून मोठ्या झालेल्या इंग्रज मुलाला मात्र हाच किल्ला दरोडेखोरांचा अड्डा म्हणून ठाऊक असणार, आणि आंग्रे म्हणजे साखळदंड, चाबूक आणि लहरी क्रौर्य. त्या मुलांपैकी कित्येक पुढे इथे कलेक्टर, न्यायाधीश, पोलीस अधिकारी होऊन आले असतील. इथल्या माणसांची पहिली ओळख त्यांना गोष्टीतून झालेली होती.

गोष्टीतून झालेली ही ओळख किती टिकाऊ असते, याचा पुरावा शंभर वर्षांनी मिळाला. २००७ मध्ये आलेल्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटात जगभरच्या चाच्यांची सभा भरते. तिथे हिंदी महासागराचा प्रतिनिधी म्हणून एक फेटेवाला बसलेला आहे, आणि त्याचं नाव चक्क सुंभाजी आंग्रिया. संभाजी आंग्रे हे कान्होजींचे पुत्र, १७४२ मध्ये मृत्यू येईपर्यंतचे सरखेल. हॉलिवूडमध्ये त्यांच्या नावाचं पात्र भरजरी पोशाखात गप्प बसून राहतं, त्याच्या वतीने दुसरेच बोलतात, आणि अखेर तोंड उघडतं तेव्हा बारीक आवाजामुळे प्रेक्षक हसतात. मला त्यातलं हसू फारसं खुपत नाही. खुपतं ते हे की तीन शतकं लोटली तरी या घराण्यासाठी इंग्रजी कल्पनेत दुसरी जागा निघाली नाही.

मग खरा प्रकार काय होता? सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रत्येक गलबताकडून परवाना मागत. परवाना नसेल तर जहाज जप्त. इंग्रजही आपले परवाने देऊ लागले. कान्होजी आंग्र्यांनी हाच नियम आपल्या पाण्यात लागू केला: मराठ्यांचा समुद्र आहे, इथून जायचं तर सरखेलाचं दस्तक घ्यायचं, नाहीतर माल जप्त. पोर्तुगीजांनी केलं तेव्हा ते राजाचं सार्वभौमत्व ठरलं, कान्होजींनी केलं तेव्हा चाचेगिरी. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी घडवून आणलेल्या तहानंतर शाहू महाराजांनी कान्होजींचं सरखेलपद मान्य केलं, तरी मुंबईच्या कागदपत्रांतली भाषा बदलली नाही. मुंबईचे गव्हर्नर चार्ल्स बून यांनी आधी विजयदुर्गावर आरमार पाठवलं, मग १७२० मध्ये 'फ्राम' नावाचा एक तरंगता तोफखाना खास बांधून पुन्हा चाल केली. दोन्ही मोहिमा फसल्या.

कान्होजींनी १७२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर विल्यम फिप्स यांना पाठवलेलं एक पत्र इंग्रजी भाषांतरात उपलब्ध आहे. त्यातला युक्तिवाद आजही ताजा वाटतो. दुसऱ्याचं आपलं करावं ही इच्छा व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच तशी आहे, देव एकाकडून घेऊन दुसऱ्याला देतो आणि यात योग्य काय हे कोणी ठरवायचं, असा त्याचा आशय. आमचं राज्य जुलमावर उभं आहे असं व्यापाऱ्यांनी म्हणणं शोभत नाही, शिवाजी महाराजांनी चार पातशाह्यांशी लढून ते उभं केलं आहे, हेही ते सुनावतात. राज्यसंस्थेबद्दल असा नेमका विचार मांडणारा हा माणूस इंग्रजी कादंबरीत यायला हवा होता. आला तो बेड्या खुळखुळवणारा 'आंग्रिया'.

याच काळात इंग्रजी साहित्य स्वतःच्या चाच्यांशी कसं वागत होतं, तेही पाहण्यासारखं आहे. हेन्री एव्हरी या इंग्रजाने सप्टेंबर १६९५ मध्ये मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' लुटलं. जहाजावर यात्रेकरू होते, बायका होत्या, आणि जे अत्याचार झाले ते त्या काळीही भीषण मानले गेले. एव्हरी कधीच सापडला नाही. पण १७१२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर त्याच्यावर बेतलेलं 'द सक्सेसफुल पायरेट' हे नाटक आलं, आणि डॅनियल डीफोने १७२० मध्ये 'कॅप्टन सिंगल्टन' लिहिलं तेव्हा त्यातही एव्हरी वावरतो. त्या कादंबरीचा नायक स्वतः चाचा आहे. त्याला बालपण आहे, शंका आहेत, मित्र आहे, शेवटी पश्चात्ताप आहे, आणि तो लुटीच्या पैशांनिशी मायदेशी परततो. इंग्रज चाच्याला मन मिळालं. ज्यांची जहाजं लुटली जात होती त्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या वाट्याला ते आलं नाही. मला वाटतं, साहित्यातला पक्षपात ओळखायची पहिली खूण हीच: कोणाला मन दिलं आहे आणि कोणाला नुसता चेहरा.

एडवर्ड सईद या पॅलेस्टिनी-अमेरिकी प्राध्यापकाने १९७८ मध्ये 'ओरिएंटलिझम' हा ग्रंथ लिहून या पक्षपाताला नाव दिलं. मराठीत त्याला प्राच्यवाद म्हणतात. सईद यांचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं, कारण त्याचा अर्थ अनेकदा 'गोरे लोक आपल्याबद्दल वाईट लिहितात' इतकाच घेतला जातो. त्यांचा मुद्दा असा की युरोपने पूर्वेकडच्या मुलखांबद्दल एक मोठा ज्ञानव्यवहार उभा केला: प्रवासवर्णनं, व्याकरणं, इतिहास, कादंबऱ्या, सरकारी अहवाल. हे सगळे एकमेकांचा हवाला देत राहिले, आणि त्यातून एक 'पूर्व' तयार झाली: गूढ, आळशी, कामुक, क्रूर, काळाच्या बाहेर थांबलेली. ती तशी असल्यामुळे तिच्यावर राज्य करणं स्वाभाविक वाटू लागलं. लिहिणारा मनाने चांगला असू शकतो, त्याला इथल्या भाषा येत असू शकतात, तरीही तो याच चौकटीतून बघतो.

एकमेकांचा हवाला देणं आंग्र्यांच्या बाबतीत स्वच्छ दिसतं. बून यांच्या मोहिमांत भाग घेतलेल्या क्लेमंट डाउनिंगने १७३७ मध्ये हिंदुस्थानातल्या लढायांचा एक वृत्तांत छापला. त्याच्या लांबलचक शीर्षकातच 'चाचा आंग्रिया' येऊन बसला. स्ट्रँगची कादंबरी १९०६ ची, आणि लगेच १९०७ मध्ये कर्नल जॉन बिडल्फ यांचा 'द पायरेट्स ऑफ मलबार' हा इतिहासग्रंथ आला, त्यातही आंग्रे चाचेच. कथेला इतिहासाचा आधार आणि इतिहासाला कथेची चव. मधल्या मधे कान्होजींचं पत्र दफ्तरातच राहिलं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. 'ओरिएंटल' हा शब्द सईद यांच्या आधी शिवी नव्हता, आणि या किनाऱ्याचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ चा, मालवणचा. प्राच्यविद्येत युरोपीय पंडितांशी त्यांच्याच शास्त्रीय पद्धतीने वाद घालणारे ते पहिल्या पिढीतले भारतीय. १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला ते गेले. १९१७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संस्थेला त्यांचं नाव देताना 'ओरिएंटल' हा शब्दही अभिमानानेच घेतला गेला. तेव्हा युरोपीयांनी आपल्याबद्दल मिळवलेलं सारं ज्ञान खोटं, असं मी म्हणत नाही. हत्यार त्यांनी घडवलं हे खरं, पण मालवणच्या माणसाने ते हातात घेऊन त्यांच्यासमोर चालवूनही दाखवलं.

किनाऱ्यावरून थोडं घाटावर जाऊ, कारण मराठ्यांवरची इंग्रजी कादंबरी घाटावरच रुजली. १८२६ मध्ये लंडनला 'पांडुरंग हरी' नावाची कादंबरी निघाली. लेखकाने आपलं नाव दिलं नव्हतं. तो होता विल्यम ब्राउन हॉकली, कंपनीचा मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी. एका हिंदूने लिहिलेली आत्मकथा आपल्याला मिळाली आणि आपण ती फक्त इंग्रजीत आणली, असा बहाणा त्याने केला. मग पांडुरंग हरी स्वतःच्या तोंडाने सांगत सुटतो: मराठ्यांच्या छावण्यांतली फसवणूक, लाचखोरी, विश्वासघात. परक्याने केलेली निंदा वाचक तपासून घेतो, पण घरच्याच माणसाने कबुली दिली म्हटल्यावर तपासायचं काय? उसना आवाज हे या साहित्याचं सर्वांत प्रभावी साधन आहे असं माझं मत आहे. १८७३ मध्ये या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांची प्रस्तावना होती. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहासही १८२६ चाच. इतिहासकार आणि कादंबरीकार दोघेही पेशवाई बुडाल्यानंतर आठ वर्षांच्या आत तिच्याबद्दल शेवटचा शब्द बोलून मोकळे झाले.

फिलिप मेडोज टेलरचं प्रकरण इतकं सोपं नाही, आणि म्हणूनच मला त्याच्याविषयी जास्त लिहावंसं वाटतं. हा मुलगा वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, १८२४ मध्ये मुंबईत उतरला, पुढे निजामाच्या चाकरीत गेला आणि आयुष्याचा मोठा भाग दख्खनमध्ये राहिला. लोकांत मिसळला, त्यांच्या भाषा शिकला. १८३९ च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या त्याच्या कादंबरीत अमीर अली नावाचा ठग साहेबासमोर बसून आपल्या खुनांची कहाणी सांगतो. पुन्हा तोच उसना आवाज, पण इथे तो आवाज इतका जिवंत आहे की अमीर अलीचा राग येण्याऐवजी वाचक त्याच्यात गुंततो. १८६३ ची 'तारा' तर मराठी मुलखातच घडते. नळदुर्गला अधिकारी असताना टेलरने तुळजापूर पाहिलं होतं, आणि तिथल्या देवीच्या देवळाभोवती त्याने शिवाजी-अफझलखान संघर्षाची कथा रचली. नायिका तारा ही तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा मुलगी. तिला सती जाण्यापासून सोडवतो अफझलखानाचा मुलगा फाजल, आणि शेवटी तो तिच्याशी लग्न करतो.

देवळाचे, वाड्यांचे, रस्त्यांचे तपशील टेलर प्रेमाने भरतो. पण कथेचा सांगाडा बघा: ब्राह्मण स्त्री म्हणजे चितेवरची, तिला बाहेरून कोणीतरी येऊन वाचवायचं. स्वतः ती काही ठरवू शकते, ही शक्यता कथेत फारशी येत नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींच्या शाळा काढून पंधरा वर्षं होत आली होती. तारा ज्यांना वाचवावीशी वाटली त्या वाचकांपर्यंत ही बातमी पोचवणारी कादंबरी कोणी लिहिली नाही.

आणि गंमत अशी की मराठी ऐतिहासिक कादंबरी याच टेलरच्या हाताला धरून काही पावलं चालली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची, तिला पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी मानतात. हरिभाऊ आपट्यांनी या प्रांतात पाऊल टाकलं ते १८९० च्या 'म्हैसूरचा वाघ'ने, आणि ती टेलरच्याच 'टिपू सुलतान'वर आधारलेली होती. त्यानंतर काही वर्षांत 'करमणूक'मधून 'उषःकाल' येऊ लागली आणि शिवकाळ मराठी माणसाच्या डोळ्यांनी दिसू लागला. पण साचा किती बदलला? शूर तरुण, संकटातली कुलीन मुलगी, वेषांतर, भुयार, क्रूर यवन सरदार: पात्रांचे रंग उलटे झाले, मांडणी बरीचशी तीच राहिली. इंग्रजांनी आपल्याला दिलेला चेहरा आपण नाकारला आणि तसलाच एक चेहरा दुसऱ्याला दिला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण प्राच्यवाद हा फक्त गोऱ्यांचा दोष समजून आपण स्वतःला सोडून देतो.

टेलरनंतरचा मोठा लेखक ई. एम. फॉर्स्टर. त्याने साम्राज्याची बाजू कधी घेतली नाही. १९२१ मध्ये तो देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांकडे खासगी चिटणीस होता. मराठा संस्थान, मराठी दरबार, तिथली गोकुळाष्टमी त्याने जवळून पाहिली, आणि १९२४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया'चा शेवटचा भाग तिच्यावरच उभारला. त्यातले प्राध्यापक नारायण गोडबोले दख्खनी ब्राह्मण आहेत, घाऱ्या डोळ्यांचे आणि गोरे, आणि कृष्णजन्माच्या सोहळ्यात ते तुकारामाचं नाव घेत नाचतात. इंग्रजी कादंबरीच्या शिखरावर तुकोबा पोचले याचा आनंद व्हायला हवा, आणि होतोही. पण फॉर्स्टरच्या पानावर तुकोबा एक नाव आणि एक नाद बनून राहतात. सावकारीची खतं इंद्रायणीत टाकणारा, पंडितांशी भांडणारा, रोखठोक बोलणारा माणूस तिथे नाही. गोडबोल्यांना साधा प्रश्न विचारला तरी ते गूढ उत्तर देतात, आणि पुण्या-कोकणात असे अनेक गोडबोले पाहिलेल्या वाचकाला प्रश्न पडतो, की हे गृहस्थ कधी पगारावरून कुरकुरत नाहीत का, रेल्वेच्या वेळापत्रकावरून कोणाशी वाद घालत नाहीत का! प्रेमाने लिहिणारा माणूसही पूर्वेला गूढ ठेवतो. टेलरसारखंच इथेही जाणवतं की द्वेष नसला म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही.

आता पुन्हा विजयदुर्ग. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्राकडून आणि जमिनीवरून किल्ला घेरला. नानासाहेब पेशवे त्यांच्या बाजूने होते, कारण किल्ल्याचा धनी तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता. तो कोणी संत नव्हता. त्याने अनेकांची जहाजं लुटली होती. १२ तारखेला एक तोफगोळा आंग्र्यांच्या ताब्यातल्या एका जहाजावर पडला. ते जहाज मूळचं इंग्रजांचंच, पूर्वी पकडलेलं. त्याची आग बघता बघता एकत्र बांधलेल्या सगळ्या आरमाराला लागली. १३ तारखेला किल्ला पडला. आतली एक लाख पौंडांच्या वरची संपत्ती इंग्रज सरदारांनी आपसांत वाटून घेतली, आणि वाटणी कशी करायची हे मुंबईहून निघण्याआधीच ठरवून ठेवलेलं होतं. पेशव्यांच्या फौजेला त्यात वाटा नव्हता. चाच्यांनी लुटलेला माल मूळ मालकांना परत करायचा, असा विचारही त्यात नव्हता. मराठ्यांच्या आरमाराचा कणा मोडला तो पेशव्यांच्या संमतीने, आणि हे दुःख कोकणात अजून बोललं जातं.

वॉटसनच्या जहाजावरचा शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज याने ही हकिकत लिहून ठेवली आहे, ती १७७३ मध्ये छापली गेली. त्यात तुळाजीच्या कुटुंबाची भेट आहे. म्हातारी आई म्हणते, लोकांना राजा उरला नाही, मला मुलगा उरला नाही. अॅडमिरल म्हणतो, यापुढे मलाच वडील समजा. त्यावर सहा वर्षांचा सर्वांत धाकटा मुलगा त्याचा हात धरून रडत म्हणतो की मग तुम्हीच माझे वडील. वॉटसनच्या डोळ्यांत पाणी येतं. प्रसंग खरा असेल, अश्रूही खरे असतील. पण किल्ला जाळून, खजिना वाटून घेऊन, बाप कैदेत असलेल्या मुलाचं पितृत्व स्वीकारणारा विजेता, हे चित्र एकट्या वॉटसनचं नाही. पुढची दीडशे वर्षं इंग्रजी कथाकादंबऱ्यांत तेच चित्र वेगवेगळ्या नावांनी येत राहिलं. तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं, आणि त्याबद्दल आइव्ह्जच्या पुस्तकाचा वाचक कधी रडला नाही.

आता या किनाऱ्याने परक्याबद्दल रचलेली एक गोष्ट. कुणकेश्वराच्या देवळाबद्दल इथे एक दंतकथा सांगतात. दर्यावर वादळात सापडलेल्या एका अरब व्यापाऱ्याला (कोणी इराणी म्हणतात) काळोखात किनाऱ्यावर एक मिणमिणता दिवा दिसला. वाचलो तर इथे देऊळ बांधीन, असा नवस त्याने केला, आणि वाचल्यावर तो पाळला. मूर्तिपूजकांचं देऊळ बांधलं म्हणून आता आपले लोक आपल्याला घेणार नाहीत, हे त्याला कळत होतं. देवळाच्या शिखरावरून उडी टाकून त्याने जीव दिला. जवळचं थडगं त्याचं, असं लोक दाखवतात.

इतिहास म्हणून यातलं काही सिद्ध करता येत नाही, पण अशक्य म्हणून उडवून लावण्यासारखंही ते नाही. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी इथे सापडलेल्या शके ८४८ च्या, म्हणजे इसवी सन ९२६ च्या ताम्रपटात मधुमती नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी भेटतो. मोहम्मद या नावाचं संस्कृत वळण. राष्ट्रकूटांनी त्याला संजाणचा कारभार दिला होता, आणि त्याच्या अनुमतीने तिथे देवीचा मठ उभा राहून त्याला जमीन मिळाली. परधर्मी दर्यावर्दी आणि कोकणातलं देऊळ यांचं नातं आपल्या लेखी पुराव्यातही आहे.

मला या दंतकथेत एक गोष्ट विशेष वाटते. तिच्यातला परका माणूस भीती, श्रद्धा, शब्दाची चाड आणि कोंडी हे सगळं भोगतो. तो चाचा नाही, विदूषक नाही. स्ट्रँगच्या दोन लेखकांना घेरियातल्या एकाही माणसाला इतकं देता आलं नाही. तरी दंतकथेलाही मर्यादा आहे. त्या व्यापाऱ्याला तिने नाव दिलं नाही, त्याची भाषा दिली नाही, आणि तो आपल्या देवाकडे वळला म्हणूनच तो आपल्याला प्रिय आहे. न वळता, नुसता माल उतरवून निघून गेला असता तर त्याची आठवण कोणी ठेवली असती?

मनोहर माळगावकरांनी १९५९ मध्ये इंग्रजीतच कान्होजींचं चरित्र लिहून सरखेलाला त्याच्या हुद्द्यासह उभं केलं, आणि त्याच वाचकवर्गापुढे ठेवलं जो 'पायरेट' वाचत आला होता. मुंबईत नौदलाच्या तळाला आंग्र्यांचं नाव आहे. सरखेलाची बाजू आता मांडली गेली आहे. जो अजून बोललेला नाही तो गुराबावरचा तांडेल. आंग्र्यांची गलबतं चालवली गाबित, भंडारी, कोळी आणि दालदी माणसांनी. शिडं त्यांनी ओढली, वाघोटनच्या गोदीत लाकूड त्यांच्यासारख्यांनीच तासलं, आणि १२ फेब्रुवारीला जळालं ते त्यांच्या हाताखालचं आरमार. इंग्रजी कादंबरीत ते चाच्यांची टोळी आहेत, मराठी कादंबरीत शूर मावळ्यांची पार्श्वभूमी. मला वाचायची आहे ती यांच्यापैकी एकाची मालवणीत सांगितलेली गोष्ट: सरखेलाचा पगार वेळेवर येत होता का, पकडलेल्या जहाजावरच्या खलाशांशी तो कसा वागला, पेशव्यांची फौज जमिनीच्या बाजूने आल्यावर त्याला काय वाटलं, आणि किल्ला पडल्यावर पुढचा हंगाम त्याने कोणाच्या तारवावर काढला.